एका नावाची दोन यंत्रं

सर्व्हरला हळदकुंकू वाहायचं की नुसतं कुंकू, यावर वाचासेतू केंद्राच्या बैठकीत पाऊण तास चर्चा झाली. त्या सर्व्हरची नोंदणी कोण करणार, यावर दीड मिनिटही झाली नाही. केंद्रातली यंत्रं सांभाळणारी शलाका म्हेत्रे टेबलाच्या टोकाला बसून एकेकाचं तोंड बघत होती. एवढी माणसं एका खोलीत असूनही अकलेचा असा दुष्काळ कसा पडू शकतो, याचं तिला खरंच नवल वाटत होतं.

संचालक डॉ. हेमंत खवरे यांनी डॉक्टरेट समारंभांच्या नियोजनावर मिळवली, असं शलाका म्हणायची. ते खरं नव्हतं, पण खवरेंना ओळखणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटलं नसतं. सर्व्हरला ते ‘डबा’ म्हणत.

“नवा डबा गुरुवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी सुरू व्हायला पाहिजे,” ते म्हणाले. “गुरुजींनी मुहूर्त काढून दिलाय. मंत्रीमहोदय स्वतः कळ दाबणार आहेत.”

“नव्या यंत्राची कोठारात नोंदणी करायला चार दिवस लागतात, सर. आज मंगळवार आहे.”

“अहो, मग जुन्याची कॉपी मारा की! जुना चालतोय ना? त्याच्यासारखाच दुसरा करायचा. यात एवढं काय आहे?”

कॉपी मारता येत होती, हे खरं. फक्त त्यानंतर कॉपीचं नोंदणीचं नाव बदलावं लागतं. पाच मिनिटांचं काम. नव्या नावानं यंत्र मुहूर्तावर नुसतं चालू झालं असतं, पूर्ण नोंदणी मागाहून चार दिवसांत झाली असती. शलाकानं ते बैठकीत सांगितलं नाही. इतकी साधी गोष्ट ज्यांना सांगावी लागते त्यांच्याशी बोलून तोंड कशाला दुखवा, असा तिचा हिशेब. “बरं,” म्हणून ती उठली.

वाचासेतू म्हणजे काय, हे आता कोल्हापूर जिल्ह्यात शाळकरी पोरंही सांगतील. खवरेंना अजून धड सांगता येत नाही, म्हणून इथे सांगून टाकलेलं बरं. पक्षाघातानं माणसाची वाचा जाते, पण बोलायची इच्छा जात नाही. शब्द मेंदूत तयार होतात, जिभेपर्यंत पोचत नाहीत. कवटीच्या आत नखाएवढी एक जाळी बसवली की ती मेंदूतले संकेत टिपते आणि कानामागच्या छोट्या यंत्रातून केंद्राकडे पाठवते. केंद्रातला सर्व्हर त्या संकेतांचे शब्द करून परत पाठवतो, आणि ते कानामागच्या यंत्रात भरलेल्या त्या माणसाच्याच जुन्या आवाजात ऐकू येतात. हे इतक्या झटपट होतं की समोरच्याला माणूसच बोलतोय असं वाटतं.

गोम पुढेच आहे. प्रत्येकाचा मेंदू निराळा. एकाच्या डोक्यात ‘पाणी’ म्हणताना जो संकेत उठतो, तो दुसऱ्याच्या डोक्यात भलत्याच शब्दाला उठतो. म्हणून प्रत्येक माणसाचा वेगळा साचा बनवावा लागतो, तोही दोन-दोन वर्षं रोज बसून, एकेक शब्द घडवत. मग त्या साच्यातून त्या माणसाच्या रोजच्या तोंडची वाक्यंच बाहेर पडतात. हे सगळे साचे एका सामायिक कोठारात ठेवलेले असतात. केंद्रातले सर्व्हर कोठारातून साचे काढतात, वापरतात आणि दिवसभरातली सुधारणा करून परत ठेवतात. सर्व्हरना नद्यांची नावं होती: कृष्णा, वारणा, दूधगंगा. कोठाराला काही डोळे नाहीत. दारात कोण आलंय, हे ते नोंदवहीतल्या नावावरून ओळखतं. कृष्णा आली की कृष्णाचे कप्पे उघडायचे आणि बाकीच्यांना तिथे फिरकू द्यायचं नाही, एवढंच त्याला कळतं. आता एकाच नावानं दोन यंत्रं आली, तर कोठाराच्या लेखी ते एकच यंत्र. ते दोघांनाही आत सोडतं. मग दोघंही आपण एकटेच आहोत असं समजून त्याच कप्प्यांत हात घालतात, उचलतात, ठेवतात, आणि कुणाचा साचा कुणाच्या नावावर जाऊन पडेल याचा नेम राहत नाही.

कृष्णाच्या कप्प्यांत दोनशे बारा माणसांची वाचा होती. त्यातली एक शलाकाच्या वडलांची.

विलास म्हेत्रे, शलाकाचे अण्णा, म्हणजे इचलकरंजीचे विलास जॉबर. यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्याला तिथे जॉबर म्हणतात. चालत्या मागाच्या नुसत्या आवाजावरून कुठे काय सैल झालंय ते सांगणारा हा माणूस, आणि ज्याला ते ऐकू येत नाही त्याला काडीची किंमत न देणारा. मालक, कामगार, बायको, मुलगी, सगळ्यांना त्यांच्याकडे एकच हाक होती: बिनडोक. शलाका दहावीला शाळेत दुसरी आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, “मग पहिलं कोण आलं, बिनडोक?” चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली. दोन वर्षं खपून त्यांचा साचा तयार झाला. सेतूवरून ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले तो शब्दही तोच होता, आणि शलाकानं केंद्राच्या जिन्यात जाऊन आनंदानं रडून घेतलं होतं. आता अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “मेंदू थकलाय. आहे तो साचा जपा, दुसरा व्हायचा नाही.”

कॉपीचं काम बुगट्यांकडे गेलं. अमोल बुगटे चोपन्न वर्षांचे. आधीची सगळी नोकरी केबलच्या वायरी ओढण्यात गेलेली. हाताला चांगले, पण नवीन काही करायचं म्हटलं की चारदा विचारणार. शलाकाला अण्णांचा कान मिळाला नव्हता, जीभ मात्र पुरेपूर मिळाली होती, आणि ती रोज बुगट्यांवर चालायची.

बुधवारी ती चहा पीत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

“मॅडम, तेवढं एक इचारायचं हुतं. नव्या यंत्राचं नोंदणीचं नाव कृष्णाच ठेवू का बदलू?”

शलाकानं कप खाली ठेवला. “बुगटे, एका घरात दोघांना एकच नाव ठेवतात का?”

“ठेवत्यात की, मॅडम. आमच्या थोरल्याला माझ्या वडलांचंच नाव हाय, दाजीबा. आजाचं नाव नातवाला द्यायची रीतच हाय आमच्यात.”

“मग ठेवा,” शलाका म्हणाली आणि पुन्हा कप उचलला.

हा टोमणा होता. जगातल्या कुठल्याही माणसाला तो कळेल, अशी तिची खात्री होती. बुगटे “बरं, मॅडम,” म्हणून गेले. पुन्हा विचारायची त्यांची छाती झाली नाही, आणि जाऊन एकदा बघावं असं तिच्या मनातही आलं नाही.

गुरुवारी अकरा बाराला मंत्र्यांनी कळ दाबली. नव्या यंत्राला झेंडूचा हार घातला होता. तोंडावर कुंकू लावलं होतं, त्यातलं निम्मं पंख्यानं आत ओढून घेतलं होतं. पाटीवर ठळक अक्षरांत ‘पंचगंगा’. टाळ्या पडल्या, आणि मंडपात भाषणं सुरू झाली. मंत्री विज्ञानावर बोलणार म्हटल्यावर शलाकानं सरळ दुसऱ्या मजल्यावरची आपली खोली गाठली.

अकरा वीसला तिनं अण्णांना व्हिडिओ फोन लावला. हा रोजचा नेम होता. इचलकरंजीला त्यांच्या कॉटसमोर स्टँडवर फोन असायचा, तो आपोआप उचलला जायचा. तिनं आपला फोन बाजूला फायलींना टेकवून ठेवला आणि तिकडे न बघताच पाय समोरच्या खुर्चीवर घेतले.

“अण्णा, अकराची गोळी घेतली का?”

आज उत्तर यायला जरा वेळ लागला. मग अण्णांचा आवाज आला. तोच घोगरा, मागांच्या खडखडाटावर चढवायची सवय असलेला.

“जेवलीस का गं, माझ्या लेकरा?”

शलाकाचे पाय खुर्चीवरून खाली आले. “काय म्हणालात?”

“दमली असशील. लै राबतीस तू. जरा पाठ टेक.”

अख्ख्या आयुष्यात त्या आवाजात तिनं असलं काही ऐकलं नव्हतं. तिनं डोळे मिटून घेतले. काही तरी चुकतंय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. यंत्रांची माहिती तिला होती, अण्णांची त्याहून जास्त होती. पण तिला ते कळून घ्यायचं नव्हतं; फोनमधून येणारी ठकठकही तिनं कानाआड केली. बेचाळीस वर्षांची, सगळ्या केंद्राला धाकात ठेवणारी बाई, आणि ती मिटल्या डोळ्यांनी बापाला सांगत बसली, की गुडघा दुखतोय, आज डबा घरी राहिला, खवरे जीव खातो. प्रत्येक वाक्याला उत्तर येत होतं. “असू दे, बाळा.” “हुईल सगळं नीट.” “देव बघतोय.”

देव! अण्णांनी जन्मभर देवाचं नाव फक्त मागाला शिव्या घालताना घेतलं होतं. शलाकानं डोळे उघडले आणि फोन उचलून समोर धरला.

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांचा चांगला असलेला डावा हात कॉटच्या लोखंडी दांडीवर आपटत होता. थांबत नव्हता. बोटांची सालं निघाली होती. ते सगळं ऐकत होते. आपल्या आवाजात भलतंच कुणी बोलतंय, हे त्या माणसाला चार मिनिटं ऐकू येत होतं, आणि पोटची मुलगी डोळे मिटून त्याची मजा घेत होती.

“सावलीत बस, बाई,” अण्णांचा आवाज मायेनं म्हणाला. हात पुन्हा दांडीवर आपटला.

शलाकाला स्वतःची किळस आली आणि तिनं फोन टेबलावर ठेवला. तेवढ्यात मदतीच्या क्रमांकावर आलेला फोन हातात घेऊन बुगटे धावत आत आले. पलीकडे शिरोळचा कुणी चौगुले होता.

“मॅडम, आमच्या आईला काय झालंय बघा की! इंदूबाई चौगुले. गरीब बाई वो, जन्मात कुणाला वाकडं बोलली न्हाई. आन आत्ता पूजेला आलेल्या भटजींना बिनडोक म्हनाली! ‘बघ इकडं, बघ इकडं,’ म्हनून वरडालीया. आमी सगळे तिच्याकडंच बघालोय!”

कुठल्याही दुसऱ्या दिवशी शलाका पोट धरून हसली असती. तिनं बुगट्यांकडे पाहिलं. “नव्या यंत्राचं नोंदणीचं नाव काय ठेवलंत?”

“कृष्णा. तुम्हीच म्हनालता न्हवं, ठेवा म्हनून.”

काहीतरी जळजळीत तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. त्या शिवीचा खरा धनी कोण, हे तिला कळून चुकलं होतं.

घड्याळात अकरा अठ्ठावीस झाले होते. दुपारी बाराच्या ठोक्याला कृष्णा आपल्या सगळ्या कप्प्यांची एक राखीव कॉपी काढायची आणि कालची पुसून त्या जागी ठेवायची. पूर्वी अशा सात दिवसांच्या सात कॉप्या असत. पण खवरेंना केंद्रावरचा माहितीपट सर्वोच्च दर्जात साठवायचा होता, आणि त्यात त्यांचं स्वतःचं भाषण बावीस मिनिटांचं होतं, त्यामुळे सहा कॉप्यांची जागा माहितीपटाला गेली. आता बारा वाजता सरमिसळ झालेल्या साच्यांची कॉपी निघणार, चांगली कॉपी पुसली जाणार, आणि अण्णा उरलेलं आयुष्य इंदूबाईंच्या शब्दांत काढणार होते. इंदूबाई त्यांच्या.

नव्या यंत्राची वायर उपटून भागणार नव्हतं. कुठला साचा कुणाचा याची यादीच बिघडली होती, आणि जुनी कृष्णा ती घेऊन लिहीतच राहिली असती. एकच उपाय होता. कोठाराच्या नोंदवहीतून ‘कृष्णा’ हे नावच खोडायचं. नाव गेलं की दोन्ही यंत्रांना दार बंद, आणि बाराची कॉपीही बंद. पण मग त्या नावावर बोलणारी दोनशे बारा माणसं एका क्षणात मुकी होणार होती. त्यातलाच एक माणूस आत्ता मंडपात मंत्र्यांशेजारी उभा राहून बोलत होता.

तिनं केंद्राच्या फोनवरून खवरेंना लावला, त्यांचा बंद होता. तिनं बुगट्यांना चिठ्ठी देऊन मंडपात पाठवलं. ते धापा टाकत परत आले.

“साहेबांनी वाचली, मॅडम. हसले आन खिशात घातली. ‘मंत्री गेल्यावर बघू,’ म्हनाले.”

मंत्री दीडला जाणार होते. शलाकानं नोंदवही उघडली. खिडकीतून कर्ण्याचा आवाज येत होता. वाचा परत मिळालेले निवृत्त शिक्षक गुरव सर खवरेंनी लिहून दिलेलं पाठ म्हणत होते. पडद्यावर प्रश्न आला: या नावावर २१२ व्यक्ती अवलंबून आहेत. नाव काढायचं?

“मॅडम,” बुगटे हळूच म्हणाले, “तुमची नोकरी जाईल.”

“जाऊ दे. बुगटे, तुम्ही बुधवारी मला विचारलंत ते बरोबर विचारलंत. मी नीट उत्तर दिलं नाही.”

नऊ वर्षांत मॅडम बुगट्यांशी असं पहिल्यांदाच बोलल्या होत्या. ते घाबरल्यासारखे भिंतीला टेकले.

“मंत्रीमहोदयांनी मला नवा जन्म दिला,” कर्णा सांगत होता, “त्याबद्दल मी त्यांचा आजन्म...”

शलाकानं कळ दाबली. कर्णा गप्प झाला. मंडपात आधी कुणाला काही कळलं नाही, काहींनी तर वाक्य संपलं असं समजून टाळ्याही वाजवल्या. टेबलावरच्या फोनमध्ये अण्णांचा आवाज थांबला. दांडीवर आपटणारा हातही थांबला. अकरा एक्केचाळीस झाले होते.

पाच मिनिटांत खवरे वर आले. फेट्याचा शेमला खांद्यावरून लोंबत होता. “कुणी केलं हे? मंत्र्यांसमोर माझी अब्रू गेली! हा बुगटे ना? कॉपी यानंच केली होती!”

“नाव तेच ठेवा, असं मी सांगितलं होतं,” शलाका म्हणाली. “चूक माझी आहे. नाव खोडलंयही मीच. कालची कॉपी परत बसवायला तास लागेल. तेवढा वेळ तुम्ही खाली जाऊन कुणाला तरी श्रीफळ द्या.”

खवरेंनी तिला तिथल्या तिथे निलंबित केलं आणि पाचच्या आत पास जमा करायला सांगितलं. मग ते खरोखरच खाली गेले, कारण सत्काराचे नारळ राहिले होते.

तासाऐवजी सव्वा तास लागला. बुगट्यांना शेजारी बसवून शलाकानं एकेक पायरी त्यांच्याच हातून करून घेतली. त्यांनी नऊ प्रश्न विचारले, तिनं नऊंची सरळ उत्तरं दिली. जुन्या यंत्राची कृष्णा ही खोडलेली नोंद परत लागली, नव्याचं नाव वहीत पंचगंगा असं वेगळं लागलं. पंचगंगेला कप्पे मिळाले नाहीत, ते पूर्ण नोंदणी झाल्यावर, चार दिवसांनी मिळणार होते. शिरोळहून चौगुलेचा फोन आला, की आईनं भटजींची माफी मागितली आणि आता ती त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाही.

मग तिनं अण्णांना फोन लावला. या वेळी तो हातात, डोळ्यांसमोर धरला. त्यांच्या डाव्या हाताला सांभाळणाऱ्या बाईंनी पट्टी बांधली होती.

“बिनडोक,” अण्णा म्हणाले.

“हो,” शलाका म्हणाली. “अण्णा, मगाशी जे झालं, ती माझी चूक होती.”

“ठाव हाय. दुसऱ्या कुणाला जमतंय असलं? गोळी घेतली मगाशीच. ठेव फोन, कामं न्हाईत व्हय तुला?”

पास जमा करायला अजून साडेतीन तास होते. केंद्रात प्रत्येक माणसाचे मेंदूतून आलेले संकेत आठवडाभर कच्चे ठेवतात, तपासणीसाठी. शलाकानं अण्णांचे अकरा वीसपासूनचे संकेत काढले. मगाशी त्यांना इंदूबाईंचा साचा लागला होता. आता तिनं त्यांचा स्वतःचा लावला. जे त्या चार मिनिटांत त्यांना खरोखर म्हणायचं होतं, ते पडद्यावर ओळीनं उमटायला लागलं.

“घेतली. रोज काय इचारतीस, बिनडोक.”

“हे मी न्हाई.”

“हे मी बोलत न्हाई. बघ इकडं. डोळं उघड.”

आणि पुढच्या ओळीला तिचं नाव होतं. साच्यात आपलं नाव आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं. घडवायच्या शब्दांच्या यादीत तिनं ते दिलं नव्हतं, कारण ते अण्णांच्या तोंडी कधी यायचंच नाही असं तिनं धरून ठेवलं होतं. कधीतरी तिच्या माघारी, स्वतः हट्ट करून, त्यांनी ते घडवून घेतलं होतं. आणि दोन वर्षांत तिच्यासमोर एकदाही वापरलं नव्हतं.

“शलाका.”

“शलाका.”

तिनं पान खाली सरकवलं. पुढे दुसरा शब्द नव्हता. अकरा एकवीसपासून अकरा चोवीसपर्यंत अण्णा तिला नावानं हाका मारत होते, आणि ती डोळे मिटून बसली होती.